एक्झॉस्ट फॅन्सचा गिटारवाला

दिनानाथ प्रधान एकोणसत्तराव्या वर्षी एकाएकी प्रसिद्ध झाले. तोवर अंबरनाथच्या शिवमंदिर रस्त्यावरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे रिटायर गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख होती. रंग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं खरेदी विभाग सांभाळला. पुढे कंपनी बंद पडली, तिच्या जागेवर तीन टॉवर उभे राहिले, आणि दिनानाथांकडे उरलं ते कंपनीच्या लेटरहेडचं एक जाडजूड पॅड. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांची बायको मीनल वाणसामानाची यादी लिहायची.

प्रसिद्धी आली ती तळमजल्यावरच्या शौनकमुळे. शौनक आयटीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना शहराचा वारसा दाखवत हिंडवायचा. त्याची अडचण अशी होती, की शहरात जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचं एक देऊळ होतं आणि त्यानंतर थेट टॉवर होते. मधलं काही सापडेना. देऊळ दोनदोनदा बघून लोक कंटाळले होते. अशात गणपतीला दिनानाथांच्या घरी दर्शनाला आलेला असताना टीपॉयवरचा एक जुना अल्बम त्याच्या हाती लागला.

अल्बममध्ये १९८० सालचा एक फोटो होता. कंपनीच्या ऑफिसर्स क्लबच्या छोट्याशा स्टेजवर चार तरुण उभे. मानेवर रुळणारे केस, घेरदार बेलबॉटम, मागे चादरीवर रंगवलेलं नाव, 'द एक्झॉस्ट फॅन्स'. आणि मधोमध, गळ्यात लाल गिटार अडकवून, कॅमेऱ्याकडे न बघता कुठंतरी लांब बघणारे दिनानाथ.

हे तुम्हीच का, असं शौनकनं विचारलं. दिनानाथ हो म्हणाले. फोटोतला माणूस तेच होते, त्यामुळे इथवर खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटो मोबाईलवर झळकला. 'अंबरनाथचा पहिला रॉक बँड आणि त्याचा विस्मरणात गेलेला लीड गिटारिस्ट.' संध्याकाळपर्यंत दिनानाथांना बदलापूर, कल्याण, झालंच तर टोरांटोहूनही फोन आले. दूधवाल्यानं त्यांच्यासोबत सेल्फी काढला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. बँडमध्ये माणसं पाच होती. पाचवा भीमराव. मेंटेनन्स खात्यातला फिटर, राहायला बुवापाड्यात. ती लाल गिटार त्याचीच. सुतारखात्यातल्या उरल्यासुरल्या लाकडातून त्यानं ती स्वतः कोरली होती आणि जळलेल्या विजेच्या मोटरची तार गुंडाळून तिला आवाज दिला होता. वाजवायचा तोच, धून बांधायचा तोच. बाकीचे तिघं त्याच्या मागोमाग जायचे. क्लब ऑफिसरांचा असल्यामुळे भीमरावला मागच्या दारानं आत यावं लागे. दिनानाथ क्लबचे सेक्रेटरी होते. हॉलची परवानगी काढणं आणि कार्यक्रमाआधी प्रास्ताविक करणं, हे त्यांचं काम. फोटोच्या दिवशी भीमरावची सेकंड शिफ्ट होती. गिटार नुसतीच खुर्चीवर पडलेली, मधली जागा रिकामी दिसत होती, म्हणून दिनानाथांनी ती गळ्यात अडकवली.

बँडचे एकंदर तीन कार्यक्रम झाले. तिसऱ्याला मॅनेजरसाहेबांच्या बायकोचं डोकं दुखत होतं, म्हणून आवाज एवढा कमी करायला लावला की गिटारपेक्षा टेबल टेनिसच्या खोलीतला पंखाच जास्त ऐकू येत होता. त्या दिवशी भीमराव गिटार खांद्याला लावून मागच्या दारानं गेला तो परत आला नाही. बाकीच्या तिघांपैकी दोघं आता हयात नव्हते आणि तिसऱ्याला कॅनडात काही आठवेनासं झालं होतं. खरं माहीत असलेली एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे मीनल. लग्नानंतर माथेरानला दिनानाथांनी स्वतःच तिला सगळं सांगून टाकलं होतं. तेव्हा त्यांचं वय खरं बोलण्याचं होतं.

खोटं सुरू झालं ते राजसीच्या मुलाखतीत. राजसीचं गावातल्या बातम्यांचं यूट्यूब चॅनल होतं. तिनं विचारलं, गिटार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा काय वाटलं. दिनानाथ म्हणाले, जड वाटली. हेही खरंच होतं. पण राजसीचे डोळे असे काही चमकले, की पुढच्या प्रश्नाला दिनानाथ बोटांतून रक्त यायचं म्हणाले, त्याच्या पुढच्या प्रश्नाला रात्ररात्र रियाज चालायचा म्हणाले, आणि शेवटी मुंबईहून आलेली एक मोठी ऑफर आपण केवळ अंबरनाथच्या प्रेमापोटी नाकारली असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं. स्वयंपाकघरातून मीनलच्या खोकण्याचा आवाज आला. तो रेकॉर्डिंगमध्ये अजून ऐकू येतो.

मुलाखत बघून बदलापूरहून अनंता गायकर आले. हेंद्रेपाड्यात त्यांची पिढीजात भातशेती होती. तिच्यावर आता इमारती उभ्या होत्या आणि एका तुकड्यावर अनंतांनी वडिलांच्या नावानं 'सदू गायकर रंगभवन' बांधलं होतं. माणूस मनापासून नाटकवेडा. तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत त्यांनी सात वर्षं राणीचं काम केलं होतं आणि अजूनही बोलताना त्यांचा हात कधीकधी पदर सावरायला जाई. त्यांना रंगभवनात एक महोत्सव घ्यायचा होता. नाटक, लाइव्ह संगीत आणि शेवटी दिनानाथांचं गिटारवादन.

"काका, पुण्याला हाय, ठाण्याला हाय, मंग आपल्याकडं रॉक हेरिटेज का नाय?" अनंता म्हणाले. "तुमी फक्त वाजवा. बाकी आमी हाव."

दिनानाथांनी संधिवाताचं कारण पुढे केलं. अनंतांनी तिथल्या तिथं हाडांच्या डॉक्टरला फोन लावला. दिनानाथ म्हणाले, गिटार राहिली नाही. अनंता म्हणाले, उल्हासनगरला चला, आत्ता घेऊ. शेवटी दिनानाथ हो म्हणाले.

दरम्यान महोत्सवाच्या समितीनं ठरवलं, की फलक शुद्ध मराठीत हवा. समितीतल्या कुणीतरी शब्दकोश काढला. आठवड्याभरात बदलापूरच्या चौकाचौकांत फलक लागले, 'खडक वारसा महोत्सव'. त्यावर मधोमध दिनानाथांचा बेलबॉटममधला फोटो, मागे देवळाची कोरीव भिंत, आणि खाली एकवीस पदाधिकारी.

उल्हासनगरला दिनानाथ एकटेच गेले. आधी त्यांनी एक काळा चामड्याचा कोट घेतला, कारण यूट्यूबवर बघितलेल्या सगळ्या म्हाताऱ्या रॉकवाल्यांच्या अंगात तो होता. मग ते वाद्यांच्या दुकानात शिरले. दुकानाचा सिंधी शेठ त्यांच्याहून मोठा होता. दिनानाथांनी मोबाईलवरचा फोटो दाखवून तसलीच लाल गिटार मागितली. शेठनं चष्मा कपाळावर सरकवून फोटो नीट न्याहाळला.

"साईं, ये तो भीमराव का पीस है," तो म्हणाला. "अपने हाथ से बनाया उसने. मेरे यहाँ तारें लेने आता है ना, हर महिने."

दिनानाथांनी एक लाल रंगाची साधी गिटार बांधून घेतली आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. भीमराव जिवंत आहे याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण रस संपल्यावर. आधी झाली ती भीती.

दोन दिवस त्यांनी कळ काढली. यूट्यूबवर बघून तीन सूर बसवायचा प्रयत्न केला. बोटांतून खरोखरच रक्त आलं, पण सूर आला नाही. तिसऱ्या दिवशी मीनलनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, जा एकदा बुवापाड्यात. काय व्हायचं ते तिथंच होऊ दे."

भीमरावचं घर शोधावं लागलंच नाही. गल्लीच्या तोंडापासूनच आवाज येत होता. आत दहा बाय बाराच्या खोलीत भीमराव, पॅड वाजवणारा एक आणि कॅसिओवाला एक असे तिघं हळदीच्या गाण्यांची तालीम करत होते. भीमरावची बेंजो पार्टी होती. बदलापूरपासून टिटवाळ्यापर्यंत हळदीला त्याला बोलवत. मांडीवर बेंजो होता आणि मागे खिळ्याला ती लाल गिटार टांगलेली होती. केस पांढरे झाले होते, पण मनगट तसंच सैल होतं.

भीमरावनं त्यांना लगेच ओळखलं. खुर्ची पुसून दिली. त्याची बायको वेणू पाणी घेऊन आली. मुलाखत आम्ही दोघांनी बघितली, छान बोललात, असं तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. दिनानाथांनी पेला तसाच खाली ठेवला. शेजारची बाई भिंतीवर ठोकू लागली तशी भीमरावनं तालीम थांबवली. इथं रोज हेच चालतं, तो म्हणाला, पूर्ण आवाजात वाजवलं त्याला वर्षं झाली.

मग दिनानाथांनी येण्याचं कारण सांगितलं. रिक्षात त्यांनी चांगली वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की मी पुढे उभा राहीन आणि तू पडद्यामागून वाजवशील का.

भीमरावनं बेंजो मांडीवरून खाली ठेवला.

"म्हणजे मी दिसायचं नाय, एवढंच ना? तेव्हा तरी कुठं दिसलो होतो, साहेब."

तो रागानं बोलला नाही. खिळ्यावरची गिटार काढून तो तारा तपासू लागला. त्याची एकच अट होती. हॉलचा आवाज तो ठरवेल तेवढाच राहील, मध्येच कुणी येऊन कमी करायचा नाही. दिनानाथांनी शब्द दिला. घरी येईपर्यंत त्यांना हलकं वाटत होतं आणि घरी आल्यावर त्याहून जड.

महोत्सवाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता रंगभवन भरलं. पहिल्या रांगेत बदलापूरच्या एका शाळेतले भूगोलाचे निवृत्त शिक्षक खडकांचे अकरा नमुने घेऊन बसले होते. 'खडक वारसा' वाचून ते आले होते. समितीतल्या कुणाचाच त्यांना नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून पहिला सत्कार त्यांचाच झाला आणि त्यांनी बेसाल्टवर वीस मिनिटं माहिती दिली. ती बरी होती. त्यानंतर आणखी सोळा सत्कार झाले. नाटक दोन अंकी होतं, पण सत्कारांत पहिल्या अंकाची वेळ निघून गेली, म्हणून कलाकारांना थेट दुसरा अंक करायला सांगण्यात आलं. पहिल्याच प्रवेशात नायिका कुणाच्या तरी मरणावर रडत होती आणि तो कोण हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तरीही टाळ्या पडल्या. अनंता विंगेत उभे राहून खरोखर डोळे पुसत होते. पहिला अंक त्यांनी तालमीत बघितला होता.

मग दिनानाथांचं नाव पुकारलं गेलं. काळा कोट घालून ते स्टेजवर आले. आत एसी चालत नव्हता, त्यामुळे कोटातून घाम निथळत होता. एका बाजूला पॅडवाला, दुसऱ्या बाजूला कॅसिओवाला, आणि मागच्या काळ्या पडद्याआड एका स्टुलावर भीमराव. दिनानाथांच्या गिटारची वायर स्टेजच्या कडेला जाऊन एका टेबलाच्या पायाला बांधलेली होती.

पहिला सूर उमटला आणि हॉल हलला. १९८० साली क्लबात बांधलेली ती धून होती. तिला शब्द नव्हते. फिटर लोक शिफ्ट सुटल्यावर गेटकडे निघतात तशी ती आधी पाय ओढत यायची आणि मग एकदम धावत सुटायची. दिनानाथांना ती पाठ होती, कानांना पाठ होती. त्यांनी बोटं वरखाली केली, डोळे मिटले, मान हलवली. चार मिनिटं सगळं नीट चाललं. पाचव्या मिनिटाला त्यांना स्वतःलाच वाटू लागलं, की हे आपणच वाजवतोय.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. त्यांना अर्ध्या तासात तिसऱ्या कार्यक्रमाला पोचायचं होतं, म्हणून ते संगीत संपायची वाट न बघता सरळ स्टेजवर चढले. मागून शाल, श्रीफळ, मानपत्र आणि सहा फोटोवाले. पाहुण्यांनी शाल पुढे केली. दिनानाथांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत जे केलं तेच केलं. साहेब समोर दिसताच दोन्ही हात जोडले, वाकले, आणि दोन्ही हातांत नारळ घेतला.

गिटार वाजतच राहिली. भीमरावला पलीकडचं काही दिसत नव्हतं. तो नेमका धुनेच्या धावत्या भागात होता.

दिनानाथांनी हातात नारळ धरून समोर बघितलं. आता कुणीतरी हसेल, कुणीतरी ओरडेल. कुणीच ओरडलं नाही. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत होते, फोटोवाले पाहुण्यांकडे, आणि हॉलमधले निम्मे लोक आपापल्या मोबाईलमध्ये शूटिंग नीट येतंय का ते बघत होते. गिटारला हात न लावता ती वाजतेय याचं कुणालाच काही वाटलं नाही. मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, ब्लूटूथ असेल. फक्त चौथ्या रांगेत मीनल तोंडाला पदर लावून बसली होती, आणि तिच्या शेजारी वेणू. दोघींचे खांदे हलत होते.

दिनानाथांना पकडलं जायची भीती महिनाभर होती. न पकडलं जाण्यात एवढं वाईट वाटेल हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे तिथं उभं राहून त्यांनी पापड लाटले असते तरी चाललं असतं. पाहुणे खाली उतरले, फोटोवाले त्यांच्यामागे गेले. दिनानाथांनी नारळ स्टेजवर ठेवला, मागे गेले आणि काळा पडदा बाजूला ओढला.

भीमराव डोळे मिटून वाजवत होता. प्रकाश पडला तसा तो थांबला.

दिनानाथांनी माईक हातात घेतला. हा भीमराव, ते म्हणाले, ही धून याची आहे, फोटोतली गिटार याची आहे, मी सेक्रेटरी होतो, मला एकही सूर वाजवता येत नाही, मुलाखतीत सांगितलेलं सगळं खोटं होतं. एवढं बोलून त्यांनी अंगावरची शाल काढून भीमरावच्या खांद्यावर घातली.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदन करणाऱ्या राजसीनं दुसरा माईक उचलला. एवढा मोठा कलाकार, ती म्हणाली, पण आपल्या जुन्या साथीदाराला पुढे आणण्यासाठी स्वतःकडे किती कमीपणा घेतो बघा. अनंता धावत आले आणि त्यांनी दिनानाथांना मिठी मारली. मी खरंच सांगतोय, असं दिनानाथ दोनदा म्हणाले. अनंता त्यांच्या कानात म्हणाले, "काका, कळलं मला. असला मोठेपणा नाटकात पण नाय बघितला."

भीमरावला यातल्या कशातच रस नव्हता. शाल हाताखाली अडकत होती, ती त्यानं काढून अॅम्प्लिफायरवर टाकली.

"साहेब, तुकडा अर्धा राहिलाय," तो म्हणाला. "वाजवू का?"

दिनानाथ बाजूला झाले. भीमरावनं उरलेला तुकडा वाजवला आणि थांबला नाही. तिथूनच वळण घेऊन तो हळदीच्या चालीवर आला, पॅडवाल्यानं ताल बदलला, आणि मागच्या रांगांतल्या हेंद्रेपाड्याच्या बायका खुर्च्यांमधून बाहेर आल्या. भूगोलाचे शिक्षक नमुन्यांची पेटी छातीशी धरून नाचले. साउंडवाल्याजवळ जाऊन कुणीतरी आवाज कमी करायला सांगत होतं. दिनानाथ खाली उतरून साउंडच्या टेबलापुढे हातांची घडी घालून उभे राहिले आणि धून संपेपर्यंत हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'दिग्गज रॉक कलाकाराचं मोठं मन, साथीदाराला दिला स्वतःचा सन्मान'. दिनानाथांनी फोन करून दुरुस्ती मागितली. संध्याकाळी वेबसाइटवर दुरुस्ती झाली. 'दिग्गज'च्या आधी 'विनम्र' जोडलं होतं. शौनककडेही ते गेले. शौनकनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, काका, लोकांना ही स्टोरी आवडलीये, आता बदलली तर कन्फ्यूज होतील. मीनलनं काळा कोट मागून घेतला आणि बाजाराची पिशवी शिवायला टाकला.

पंधरा दिवसांनी अनंता पुन्हा आले. रंगभवनाच्या दारात दिनानाथांचा गिटारसकट अर्धपुतळा बसवायचं समितीनं एकमतानं ठरवलं होतं. दिनानाथांनी साफ नकार दिला, बसवायचाच तर भीमरावचा बसवा म्हणाले. अनंता दिलदार माणूस, दोघांचाही बसवू म्हणाले, आणि तसेच दिनानाथांना गाडीत घालून बुवापाड्यात गेले. भीमरावनं पुतळ्याचं ऐकून घेतलं. मग विचारलं, पुतळा राहू दे, त्याऐवजी मंगळवारी सकाळी दोन तास हॉल मिळेल का, तालमीला. हॉल तेव्हा रिकामाच असतो.

अनंतांनी प्रश्न समितीपुढे ठेवला. पुतळ्याचा ठराव पाच मिनिटांत झाला होता, याला दोन बैठका लागल्या. रंगभवन सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी आहे आणि तालीम हा कार्यक्रम नसल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही, असं पत्र आलं. अनंतांना मनापासून वाईट वाटलं, त्यांनी पत्राबरोबर पेढे पाठवले.

दिनानाथांनी पत्र वाचून त्याची घडी घातली. मग जिना उतरून सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. चेअरमन महेंद्र शिर्के हा कडक माणूस. दुपारी कुणी मिक्सर लावला तरी तो वर येई. दिनानाथ त्याला म्हणाले, पुढच्या वर्षीच्या महोत्सवासाठी मला रियाज करायचा आहे, मोठ्या आवाजात, दर मंगळवारी अकरा ते एक. साथीला माझे एक जुने सहकारी येतील. हे सांगताना त्यांची मान जराही खाली गेली नाही. चेअरमन उठून उभा राहिला, म्हणाला, काका, आमच्या सोसायटीचा मान आहे हा. त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये सूचना लागली, 'दुसऱ्या मजल्यावर ज्येष्ठ रॉक कलाकारांचा रियाज चालू असताना कोणीही तक्रार करू नये.'

तेव्हापासून दर मंगळवारी भीमराव लाल गिटार घेऊन येतो, पुढच्या दारानं. मीनल आणि वेणू स्वयंपाकघरात बसून मटार सोलतात. दिवाणखान्याच्या काचा थरथरतील एवढा आवाज भीमराव लावतो, आणि खालून जाणारे लोक मान वर करून म्हणतात, या वयात काय वाजवतात प्रधानकाका. दिनानाथांच्या हातात पहिल्या मंगळवारी भीमरावनं खुळखुळा दिला होता. दोन महिने झाले, अजून त्यांना तो तालातल्या नेमक्या मात्रेला हलवता येत नाही. भीमराव मध्येच थांबून त्यांच्याकडे बघतो.

"साहेब, तिसऱ्याला," तो म्हणतो. "चौथ्याला नाय."